बुबुळावरची रेघ

माझे आजेसासरे मनोऱ्यांवरची घड्याळे दुरुस्त करीत, सासरे भिंतीवरची, आमचे हे मनगटावरची. आणि माझा मुलगा या तिघांचा वारसा एका डोळ्यावर चालवीत होता. उजवा डोळा तिसऱ्या वर्षीच गेलेला. गेल्या महिन्यात डावाही लाल झाला, ठणकू लागला आणि भिंगातून पाहताना काटे धुक्यात बुडू लागले.

संशय घेण्यात मी कोणाला हार जाणारी नव्हे. प्रथम सुनेची मांजर घराबाहेर गेली, मग तिचा सुवासिक साबण.

"आता मीच उरले, सासूबाई," सून म्हणाली. "मला कुठे ठेवता, जिन्याखाली?"

"अजून ठरवलेलं नाही."

घड्याळे धुण्याचे पेट्रोलही मी बंद करविले. डोळा निवळेना.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. क्षय नाही, सांध्यांचा विकार नाही. अखेर त्यांनी नको तो प्रश्न केला.

"उजव्या डोळ्याला कधी काही लागलं होतं?"

"गोवरात गेला," मी तत्काळ उत्तरले. "त्यात माझ्या धाकट्या जावेनं भलतंच औषध घातलं."

धाकटी दाराशीच बसली होती. एकतीस वर्षे ती हे ऐकत आली होती, आणि तेव्हापासून मी तिला त्याच्या डोळ्यांजवळ फिरकू दिले नव्हते.

डॉक्टरीणबाई उजव्या डोळ्यात बराच वेळ पाहत राहिल्या. "बुबुळावर बारीक, सरळ रेघ आहे. गोवराचा डाग असा नसतो. नीट आठवा, आजी. एका डोळ्याला आरपार जखम झाली, तर क्वचित कित्येक वर्षांनीही शरीर आपल्याच डोळ्यांवर उलटतं, आणि धड डोळाही सुजतो. तसं असेल तर जबर औषध आजच सुरू करायला हवं. पण आत जंतू लपलेले असतील, तर तेच औषध घात करेल."

त्यांनी माझ्यावर नजर रोखली. तशी नजर मी आजवर इतरांवर रोखीत आले होते.

"गोवर येऊन गेला होता, पण डोळा त्यानं गेला नाही," मी म्हणाले. "यांनी खोलून ठेवलेल्या घड्याळाच्या स्प्रिंगची डबी, त्यांनी बजावूनही, मी उघडली. स्प्रिंग उसळली. पोर शेजारीच उभं होतं. ही संध्याकाळी आली, रडणाऱ्या पोराच्या डोळ्यात तिनं औषध घातलं, आणि मला आयतं निमित्त मिळालं."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून औषध लिहिले.

धाकटी उठून उभी राहिली. "मला काय सांगता, जाऊबाई? माझ्या औषधानं डोळा गेला नाही, हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ज्यांना तेव्हा सांगितलंत, त्यांना सांगा."

पंधरवड्यात डावा डोळा निवळू लागला. दर तासाचे थेंब धाकटीच घालीत होती. रोज दुपारी मी तिच्यासह एकेका घरी जात होते: नणंदेकडे, शिंपीणबाईंकडे, मावससासूंकडे. काही ठिकाणी पाणीही न घेता उठावे लागले. शेवटी तिच्या थोरल्या भावाकडे गेलो. माझ्या शब्दाखातर त्याने तिला माहेर बंद केले होते. त्याच्यासमोर हात जोडून मी सारे पुन्हा सांगितले. त्याने उठून बहिणीसाठी खुर्ची पुढे केली.

परतताना मी विचारले, "आणखी कोणी उरलं?"

तिने बोटांवर घरे मोजली.

"नाही, जाऊबाई. फिटलं सगळं."