दुपारी चारचं घर

अंगठ्याच्या पेराएवढं, वर इवलीशी मुंडी असलेलं ते पोलादी वजन तपासणीवाल्या बाईच्या उघड्या दोन बोटांत होतं, आणि ती ते दिव्याकडे धरून असं फिरवत होती की जणू आत कुणीतरी लपून बसलंय — गेलं, त्याच्या मनात आलं, पन्नास ग्रॅमचं गेलं... कारण बोट लागलं की घाम लागतो, घाम लागला की वजन बदलतं. कितीसं, तर पापणीच्या केसापेक्षाही कमी, पण बदलतं, आणि त्याचं सगळं पोट त्या पापणीच्या केसावरच चाललेलं. देशोदेशीच्या कारखान्यांतले वजनकाटे खरं बोलतात की थापा मारतात, हे तपासायला तो अशा वजनांची ही लाकडी पेटी घेऊन तेवीस वर्षं हिंडत होता, आणि तेवीस वर्षांत त्याने स्वतः यातल्या एकालाही हात लावलेला नव्हता. चिमट्याने उचलायचं, चिमट्यानेच ठेवायचं.

"हे काय आहे?" बाईने विचारलं.

"पन्नास ग्रॅम."

"पन्नास ग्रॅम काय?"

"नुसतेच. दुसरं काही नाही त्यात."

बाई हसली नाही. तपासणीवाले हसत नाहीत हे त्याला पाठ होतं, तरी दर विमानतळावर तो एकदा खडा टाकून बघायचाच. आजवर दोघं हसले होते, त्यातला एक बहुतेक शिंकत होता. मग नेहमीसारखी कागदपत्रं, शिक्का, दुसऱ्या माणसाला बोलावणं, त्यानेही त्या बाईसारखंच बघणं... तोवर हा पठ्ठ्या एका हाताने पँट धरून, मोज्यांतून डोकावणारा अंगठा दुसऱ्या पायाखाली दडवून उभा. पट्टा ट्रेमध्ये वेटोळं घालून पडलेला. माणसाची पत किती, तर पट्टा काढेपर्यंत, असं तो ऑफिसात सांगायचा आणि सगळे खिदळायचे. ऑफिसात त्याला किलोशेठ म्हणत. अंगाने काडी, म्हणून.

मधला विमानतळ. इथून पुढचं विमान दीड तासाने, मग तिथे अठरा दिवस काम. हे मधले विमानतळ त्याला फार आवडायचे, कारण ते कुठलेच नसतात — तीच अत्तराची दुकानं, तोच नुकत्याच पुसलेल्या गुळगुळीत फरशीचा वास, मानेला उशी अडकवून नवरदेवासारखे मिरवणारे तेच लोक. आणि खुर्च्यांना मधोमध दांडे, कारण माणूस आडवा झाला तर त्याला घरच्यासारखं वाटेल की काय ही धास्ती. दार उघडायच्या तासभर आधीपासून रांगेत उभे राहणारे. विमान काय त्यांना सोडून जाणार आहे? एकदा त्याने उगाचच एका बंद दारासमोर गंभीर चेहरा करून बॅग घेऊन उभं राहून पाहिलं होतं. दहा मिनिटांत मागे चौदा जण. मग तो हळूच पाणी प्यायला गेला आणि लांबून बघत बसला... ही गोष्ट त्याने घरी कितीदा सांगितली असेल. लेक लहान असताना पोट धरून हसायची. आता म्हणते, बाबा, मागच्या वेळी बारा होते.

खिसा थरथरला. साहेबांचा निरोप: "नव्यांना शिकवायची जागा तुझ्यासाठीच धरून ठेवलीये. फिरती बंद, रोज संध्याकाळी घरी. आज विमानात बसायच्या आत हो की नाही कळव, नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल."

रोज संध्याकाळी घरी.

हे तीन शब्द त्याने स्वतःच मागितले होते — वर्षानुवर्षं, प्रत्येक हॉटेलच्या प्रत्येक छताकडे बघत. मग आता बोट का अडत होतं? अडत होतं ते मागच्या खेपेमुळे. मागच्या खेपेला आंघोळीला जाताना बायकोने हातात टॉवेल ठेवला, मऊ, घडी न मोडलेला, आणि दारामागे तिघींचे तीन टॉवेल लटकत होते, तिचा, लेकीचा, सासूबाईंचा. विटलेले, एकमेकांत मिसळून गेलेले. तो म्हणाला, "पाहुण्यांचा काढलास होय?" ती म्हणाली, "इश्श, चांगला आहे म्हणून दिला." रागावली नाही, चेष्टाही केली नाही, आणि तेच वाईट. टोमणा असता तर परत मारला असता. मग त्याने काय केलं, तर टॉवेल कमरेला गुंडाळून बाहेर आला आणि म्हणाला, बाईसाहेब, या हॉटेलात नाश्ता किती वाजता मिळतो? सासूबाईसुद्धा हसल्या. सगळ्यांना हसवलं की त्याला बरं वाटायचं. पण त्या दिवशी हसू संपल्यावर ताटं मांडली, तर तीनच. बायकोने जीभ चावली आणि चौथं आणायला धावली...

नको ते आठवणं. त्याने फोन लावला. खोडी काढायची होती, दुसरं काही नाही. म्हणजे, तो स्वतःला तसं म्हणाला.

"हॅलो, पोचलात?"

"पोचतोय कसला! काम रद्द झालं. उद्या दुपारी घरी."

आणि मग ती थांबली.

किती? दोन सेकंद असेल. त्याचा कान असा तयार झालेला की काट्याची सुई कुठे अडखळते ते बघायच्या आधी त्याला ऐकू यायचं. त्या दोन सेकंदांत त्याला अख्खं घर ऐकू आलं. नळ बंद झाला. खुर्ची सरकली. आणि कुणीतरी, लेक नव्हे, सासूबाई नव्हेत, अगदी घरातल्यासारखं म्हणालं, "साखर कुठे ठेवलीस गं आज?"

"उद्या?" बायको म्हणाली. "बरं... या ना. म्हणजे, आईचा पलंग मी आपल्या खोलीत हलवलाय, तो बघते काहीतरी. या हो, या. फक्त आधी कळवायचं होतंत."

"कोण आलंय?"

"कुठे? ही होय! खालच्या मजल्यावरची. चहाला आलीये."

"चहाला?"

"रोज येते की चारला."

"रोज? कधीपासून?"

"अहो, झाली की सहा-सात वर्षं!" ती हसली, आणि मागून ती खालची बाई ओरडली, "नमस्कार सांग गं त्यांना! म्हणावं, आम्हीही माणसंच आहोत, कधीतरी दिसा!"

सहा-सात वर्षं. त्याने या बाईला जिन्यात दोनदा पाहिलं होतं. एकदा तिलाच घर चुकलेली समजून वर कोण राहतं ते सांगत बसला होता — स्वतःच्याच घराचा पत्ता... तिनेही शांतपणे ऐकून घेतला होता.

"गंमत केली गं," तो म्हणाला. "येत नाहीये. विमान आहे आत्ता."

एरवी ती म्हणायची, मेल्याहून मेल्यासारखं करता तुम्ही माणसाला. आज म्हणाली नाही.

"हो का," ती म्हणाली. "मला वाटलं खरंच."

"मग? बरं वाटलं होतं का वाईट?"

"तुमचं आपलं काहीतरीच. जेवा वेळेवर."

ठेवला.

मला वाटलं खरंच. त्याने ते तीन शब्द मनात उचलले, ठेवले, परत उचलले. यात सुटका होती की हिरमोड? आवाज नेहमीचाच होता... नाही, "खरंच"वर जरासा खाली गेला होता. की रेंज गेली होती? जन्मभर खरं-खोटं पारखणाऱ्या माणसाला बायकोच्या एका शब्दाचा अंदाज येईना. त्याला परत फोन लावावासा वाटला, आणि या वेळी सरळ विचारावं, मी येऊ का? पण हे वाक्य तो कधीच गमतीशिवाय बोललेला नव्हता. ते कुठल्या चेहऱ्याने बोलतात तेच त्याला ठाऊक नव्हतं.

समोर रांग लागायला सुरुवात झाली, आणि तोही जाऊन उभा राहिला. मानेच्या उशा, धावणारी मुलं, एक आजोबा पासपोर्ट हुडकत स्वतःचेच खिसे चापटत होते. एरवी त्याने यातून घरी न्यायला एक तरी किस्सा उचलला असता. आज नजर जात होती आणि रिकामीच परत येत होती. आजवर त्याच्या मनातलं घर म्हणजे दार उघडण्याचं घर होतं: बेल, "आले, आले", बॅगेभोवतीचा गराडा, त्याच्या तोंडाकडे लागलेले तीन चेहरे. तेवीस वर्षं तो त्याच घरासाठी झुरला, आणि ते घर तो असतानाच असायचं, तो गेला की मिटायचं. दुपारी चारचं घर त्याने पाहिलेलंच नव्हतं. साखर आज कुठे ठेवली होती? कोण कुठल्या खुर्चीत बसतं? सासूबाई तेव्हा झोपलेल्या असतात की चहाच्या आवाजाने उठतात? आणि त्या सगळ्यांत जो कुणी कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला असेल, ज्याच्याकडे कुणी मान वर करूनही बघत नाही, ज्याला प्रवास कसा झाला असं कुणी विचारत नाही, उलट पाय बाजूला घे म्हणतात — त्या माणसाचा त्याला एकदम हेवा वाटला.

साहेबांचा निरोप अजून उघडाच होता. हो म्हटलं तर घरचे त्याला कोपरा देतील का, की रोज संध्याकाळी नवा टॉवेल... माहीत नव्हतं. पण एवढं मात्र पहिल्यांदाच कळत होतं की कुणी आपली वाट बघावी असं त्याला आता वाटत नव्हतं. वाट लांबच्याची बघतात. रांग दोन पावलं सरकली, मागच्याने खाकरून त्याला पुढे व्हायची खूण केली, आणि तो, ज्याला हसवल्याशिवाय कधी जागा मिळाली नव्हती, उत्तर न लिहिलेला फोन हातात धरून उभा राहिला, हसू न आलेल्या तोंडाने, ते तोंड "मी येऊ का?" असं विचारण्याजोगं दिसत असेल का याचा अंदाज घेत.