कोई माशांचा जप

पहाटे साडेपाचला दादाच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. पाववाला दुकान बंद ठेवून आला होता, शाळेच्या मुख्याध्यापिका घरून खुर्ची घेऊन आल्या होत्या. परसातल्या छोट्या तळ्याच्या काठावर लहरीगुरू मांडी घालून बसले होते. त्यांनी डोळे मिटून "हूंऽऽ" असा लांबलचक सूर लावला आणि पाण्यातून एकेक तोंड वर आलं. केशरी, पांढरी, ठिपक्यांची. सतराच्या सतरा कोई, म्हणजे शोभेचे जपानी मासे, वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

"जप सुरू झाला," गुरू हळूच म्हणाले.

पाववाल्याचे डोळे भरून आले.

दादा माझा थोरला भाऊ, निवृत्त शिंपी. बोटाएवढी पिल्लं आणून त्यानं अकरा वर्षांत हातभर मासे केले. दर रविवारी तो गळ्यातल्या टेपनं त्यांची मापं घ्यायचा. सगळ्यांत मोठी होती ठिपकी. पण दोन वर्षं तिची लांबी इंचानंही वाढली नव्हती. हे दुःख त्यानं पाववाल्याला सांगितलं आणि पाववाला लहरीगुरूंना घेऊन आला.

"मासा अन्नानं वाढत नाही, लहरींनी वाढतो," गुरूंनी निदान केलं. "तुमच्या पंपाची घरघर लहरींना कापते. हिच्या पोटात लहरींची गाठ बसलीय."

"मग गाठ सुटायची कशी?" दादानं काळजीनं विचारलं.

"पंप बंद. गाळणी बंद. आणि रोज चार ओंजळी माझं सत्त्वचूर्ण."

सत्त्वचूर्ण मी चाखून पाहिलं. कणीक होती, किंचित साखर घातलेली. पंधरा दिवसांत तळ्याचं पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालं. लोक ते बाटल्यांत भरून नेऊ लागले. पाववाल्यानं गुडघ्याला चोळलं. गुडघा हिरवा झाला, दुखणं होतं तिथंच राहिलं.

मी घड्याळं दुरुस्त करतो. काटा फिरला की आत चाक शोधायची सवय. एकदा गुरूंना विचारलं, "ऊन वर आलं की जप थांबतो, तो का?"

"मग ते मनातल्या मनात करतात," गुरू म्हणाले.

वहिनी श्वसनविकारांच्या वॉर्डात नर्स. पंधरा दिवस तिची रात्रपाळी होती. ती घरी यायची तेव्हा गर्दी पांगलेली असायची, आणि मग ती झोपायची. आज तिची सुट्टी. हातात चहाचा कप घेऊन ती गर्दीतून पुढे आली आणि पाण्याकडे बघत थबकली.

"हे असं कधीपासून चाललंय?"

"जप होय?" दादा कौतुकानं म्हणाला.

"धाप. माझ्या वॉर्डात असं तोंड करणाऱ्याला आम्ही हात जोडत नाही, ऑक्सिजन लावतो."

"वहिनी, ठिपकी तर इतकी तल्लीन झालीय की आडवीच पडलीय," पाववाल्यानं अभिमानानं सांगितलं.

वहिनीनं कप त्याच्या हातात दिला. ती पंपाकडे वळली तसे गुरू उठले. "मशीन लावाल तर यांची तंद्री भंगेल. सतरा जिवांचं पाप लागेल."

दादा मधल्यामध्ये उभा राहिला.

"बरं, दोन मिनिटं तुम्ही गप्प बसा, मी म्हणते," असं म्हणून वहिनीनं स्वयंपाकघरातून कुकरची माहितीपुस्तिका आणली आणि मोठ्यानं वाचू लागली. "झाकण लावण्यापूर्वी रबर तपासा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा." मासे त्याच भक्तिभावानं तोंडं हलवत राहिले.

"हे कुकरचेही भक्त दिसतात," मुख्याध्यापिका पुटपुटल्या.

"माझ्या लहरी अजून हवेत आहेत," गुरू म्हणाले.

"मग आता पंप लावू आणि तुम्ही जोरात म्हणा. लहरी खऱ्या असतील तर मासे वरच राहतील."

दादानं एकदा ठिपकीकडे पाहिलं आणि स्वतःच बटण दाबलं. पाण्यात बुडबुडे उसळले. आम्ही बादल्यांनी हिरवं पाणी उपसून टाकीतलं साठवलेलं पाणी ओतत राहिलो. गुरू तासभर "हूं" करत होते. मासे आधी बुडबुड्यांपाशी जमले, मग एकेक करून खाली गेले. शेवटी वर एकच तोंड उघडत-मिटत होतं, ते गुरूंचं.

"तुम्हालाही लावू का?" वहिनीनं विचारलं.

गुरू उत्तर न देता फाटकातून गेले ते गेलेच.

मग वहिनीनं सगळ्यांना सांगितलं. कुजणारी कणीक पाण्यातला प्राणवायू खाते. हिरवं शेवाळ दिवसा तो देतं, पण रात्रभर स्वतःच वापरतं. म्हणून पहाटे तो सगळ्यांत कमी असतो, आणि म्हणूनच गुरूंचा मुहूर्त पहाटेचा.

ठिपकी दुपारपर्यंत सरळ झाली. दादा काठावर बसून होता. "मी तिची लांबी मोजत राहिलो," तो म्हणाला, "धाप दिसलीच नाही."

"ती पूर्ण वाढलीय हो. साठीनंतर तुम्ही किती इंच वाढलात?" वहिनी म्हणाली.

मोठे, निरोगी मासे हवेत तर स्वच्छ पाणी, ऐसपैस जागा, मोजकं खाणं आणि चालू पंप लागतो. आणि चमत्कार दिसलाच, तर हात जोडण्याआधी एक गोष्ट बदलून बघा. गुरूला गप्प बसवा, बटण दाबा, काय होतं ते पाहा. आपण हात जोडून उभे असतो तेवढ्या वेळात समोर कुणाचा तरी जीव जात असू शकतो.