झरोक्यावरची काच

दादाच्या घरात धुळीला बंदी होती. लेक दम्याची आणि दारासमोर ट्रकांचा रस्ता, म्हणून माझ्या या सुतार भावाने खिडक्यांना रबराच्या पट्ट्या ठोकल्या, दारांच्या फटी बुजवल्या आणि शेवटी बाथरूमच्या झरोक्यावरही काच बसवली. आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचा, "मुंगी शिरायलासुद्धा जागा ठेवलेली नाही." मी म्हटलं, "मुंगीचं राहू दे, माणसाला श्वास घ्यायला ठेवलीस का?" वहिनी हसली. दादाला माझे विनोद कधीच आवडत नाहीत.

सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. पहिल्याच अंघोळीनंतर डोकं जड झालं, मळमळायला लागलं. "वन्सं, इथे सगळ्यांचीच डोकी दुखतात," वहिनी म्हणाली. तिचं म्हणे शिवणकामाने, दादाचं पॉलिशच्या वासाने, पोरीचं अभ्यासाच्या कंटाळ्याने. घराबाहेर पडलं की माझं डोकं दुखायचं थांबायचं. वहिनीच्या बडबडीतून सुटल्याचा हा परिणाम, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

भाचीला मी भोंगा म्हणते. अंघोळीला गेली की सगळ्या आळीला ऐकू जाईल असं गाते. त्या सकाळीही गात होती. आत गॅसचा गीझर फुरफुरत होता, मी बाहेर केस विंचरत होते. कडव्याच्या मध्येच आवाज थांबला.

"भोंग्या, विसरलीस का पुढचं?"

नळ वाहत होता. मी दार वाजवलं, मग बडवलं. आतून काहीच आलं नाही. "दादा!" म्हणून मी अशी ओरडले की तो हातातली करवत टाकून धावत आला.

त्याने दाराला खांद्याने धडक दिली. दार हललं नाही. दादाने केलेली दारं हलत नाहीत, त्याबद्दलच तर लोक त्याला दूरदूरहून बोलावतात. त्याने लाथा घातल्या, शिव्या घातल्या, आणि मी माझ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या भावाला रडताना पाहिलं. शेवटी पहार आणून त्याने चौकटच उचकटली. पोर भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती. डोळे अर्धवट उघडे होते. तिच्याकडे बघवेना. मी गीझर बंद केला आणि त्याने तिला उचलून थेट अंगणात नेलं. वहिनी तिचे तळपाय चोळत नुसती "बाळा, बाळा" करत राहिली.

ती खोकली. देवा, ती खोकली!

दवाखान्यात तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि आईचा हात घट्ट धरला. वाचली म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: हवा खेळती नसली की गीझरच्या ज्योतीतून विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि एके दिवशी माणूस झोपल्यासारखा जातो.

"बाथरूमला झरोका नाही का?" त्यांनी विचारलं.

"होता," दादा म्हणाला. "मी बंद केला."

त्यांनी तेवढं कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दादा जमिनीकडे बघत राहिला, आणि एकदम त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घाईघाईने त्याने खिशातून फोन काढला.

"काय झालं रे?"

"अगं, आमची काच बघून लोकांनी मागून मागून काचा बसवून घेतल्या. गॅसचा गीझर असलेल्यांनीसुद्धा."

पहिल्या घरी फोन उचलला. "गीझर बंद करा, काच फोडा, आत्ताच्या आत्ता," तो ओरडला. पलीकडचे गृहस्थ हसत असावेत, कारण दादाने त्यांना आईची शपथ घातली. दुसऱ्या घरीही उचलला.

तिसऱ्या घरी घंटी वाजत राहिली. दादाने पुन्हा लावला.

"नवराबायकोच राहतात," तो म्हणाला, "आणि ही त्यांची अंघोळीची वेळ आहे."