उसनं प्रेशर

अर्जुनराव म्हणजे अमडापुरातले मोठे हुशार. निदान त्यांचं स्वतःचं मत तरी तसंच. कारकुनीतून निवृत्त झाले, पण तपासणीची सवय काही सुटली नाही. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी सगळं चकाचक करायचं, साहेबाची जीप गेली की पुन्हा जैसे थे. हीच अक्कल ह्या बहाद्दरानं स्वतःच्या रक्तदाबाला लावली.

मुलानं, अविनाशनं, बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई त्यांना फोनवर जोडून दिल्या. दर सोमवारी दंडाला मशीनचा पट्टा बांधायचा, आकडा आपोआप बाईंच्या मोबाइलवर जायचा, मग व्हिडिओ कॉल. पहिल्याच वेळी आकडा चढला आणि बाईंनी लोणचं बंद केलं. झालं! पुढच्या सोमवारपासून पट्टा सुनेच्या दंडाला.

"रुपाली, ये व इकडं. तुयं प्रेशर कसं एक नंबर येते!"

"मामाजी, दवाई तुमाले लागते ना? मंग मले काऊन बांधता?"

"साहेबाले चांगलंच दाखवा लागते. तुले काय समजते त्यातलं?"

डोंबलाचा साहेब! त्या आकड्यांवर विश्वासून बाईंनी त्यांची गोळी अर्धी केली, आणि हे लोणचं चापून गावभर फुशारकी मारत फिरले.

ह्या सोमवारी आकडा एकशे सत्तरावर गेला. "काय खाल्लं व? माह्या रिपोर्टची पार वाट लावली!" अर्जुनराव सुनेवर खेकसले.

रुपालीला सातवा महिना होता. दोन दिवसांपासून डोकं ठणकत होतं, पायांवर सूज चढून जोडवी रुतली होती. "पोटुशी बाईले सूज येतेच," असं सासूबाई अन्नपूर्णाबाईंनी सांगून टाकलं होतं. घरात मशीन होतं, फोनवर डॉक्टर होती, पण दोन्ही सासऱ्यांची. त्या घरात आजारी पडायचा मान त्यांचाच.

कॉल लागला.

"काका, आज एवढं का वाढलं? डोकं दुखतंय?"

"नाही, नाही. एकदम फर्स्ट क्लास."

"डोळ्यांपुढं अंधारी? पायांवर, चेहऱ्यावर सूज?"

"काही नाही, मॅडम. मशीनच बिघडलं वाटते."

मोबाइलमागं उभी रुपाली सगळं ऐकत होती. बाईंनी विचारलेलं एकूण एक तिला होत होतं. तिनं खुणेनं सासऱ्यांना विनवलं. त्यांनी डोळे वटारले आणि पट्टा बायकोकडं फेकला. "तू बांध व. मॅडम, पुन्हा मोजून पाहतो!"

शरम कोळून प्यालेला माणूस! सून भिंत धरून उभी, तिच्या पोटात ह्याचंच नातवंड, आणि ह्याला पडली होती दुसऱ्या दंडाची. रुपालीचा संताप मस्तकात गेला. सासऱ्यापुढं तोंड न उघडायची रीत गेली चुलीत! तिनं मोबाइल ओढून स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"मॅडम, तो दंड माहा होता. मले सातवा महिना हाय. डोकं ठणकून राह्यलं, डोळ्यापुढं चांदण्या दिसते."

बाईंचा चेहराच बदलला. "एक क्षण थांबू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात निघा. सोबत कोण आहे?"

"सासूबाई हायेत," रुपाली म्हणाली. अन्नपूर्णाबाई पट्टा टाकून चपला शोधायला धावल्या. अर्जुनराव मात्र मोबाइलकडं वाकले.

"मॅडम, मंग माही गोळी अर्धीच ठेवू ना?"

रुपालीनं कॉल कापला. पट्टा उचलून त्यांच्या मांडीवर आदळला.

"आता तुमचं तुमी मोजा, मामाजी," ती म्हणाली, आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला.