तव्यापासून ताटलीपर्यंत

लोखंडी तव्याभोवती खुर्च्या आठ, माणसं सात. अंडी दहा, तेलाच्या बाटल्या तीन, आचाऱ्याच्या हातात लांब दांड्याचे सराटे, म्हणजे उलथणी, दोन. तवा पाच फूट लांब, दोन फूट रुंद. जाडी दयारामनी वाकून, कडेला नख टेकवून सांगितली: वीस एमएम. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होते ते. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशातला टेप काही सुटला नव्हता.

वडनेर भोलजीजवळ हायवेवर हे जपानी हॉटेल दिवाळीत उघडलं. गिऱ्हाइकासमोरच तव्यावर शिजवून देतात. नोकरी लागल्यावर सुवर्णानं वडिलांच्या, दयारामच्या, साठीसाठी इथल्या दोन खुर्च्या आधीच राखून ठेवल्या होत्या. आज बाबांनी मानानं जेवावं, एवढंच तिला हवं होतं.

सुरुवात चांगली झाली. आचारी शिवम खामगावचा, पुण्यात शिकून आलेला. कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचून त्यानं त्यातून जाळ काढला, तेव्हा दयाराम लहान पोरासारखे हसले. मग त्यानं आमलेटचे तुकडे केले आणि सराट्यानं उडवून एकेकाच्या तोंडात फेकायला लागला. लोक आ करून झेलत होते, मोबाइल वर धरलेले होते.

दयारामची पाळी आली. त्यांनी तोंड मिटलेलंच ठेवलं. तुकडा गालावर आपटून नव्या शर्टावर पडला.

"काका, आ करा ना. पुन्हा फेकतो."

बाकीचे टाळ्या पिटायला लागले. पलीकडचा एक जण म्हणाला, काकांचा नेट प्रॉब्लेम दिसतो. दुसरा तुकडा कपाळावर बसला. सुवर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला. जागा तिनंच निवडली होती.

"फेकू नका," ती म्हणाली. "ताटलीत वाढा."

मॅनेजर धावत आला. गोड आवाजात त्यानं समजावलं की ही इथली पद्धतच आहे, सगळ्यांना सारखंच फेकतात, ताईंनी उगीच मनाला लावून घेऊ नये. टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एक जण पुटपुटला की काही लोकांना मजासुद्धा कळत नाही.

दयारामनी रुमालानं कपाळ पुसलं.

"माही माय लोकाइच्या वावरात सोंगणीले जाये," ते शिवमकडे बघून म्हणाले. "दुपारची भाकर तिले वरून टाकत. पदरात. हात लागू नये म्हून. मी बाजूलेच बसेल राहो."

शिवमचा सराटा खाली आला. टाळ्या थांबल्या. मॅनेजर मात्र थांबला नाही. तसं काही मनात नसतं म्हणाला. तवा तापलेला, मध्ये अंतर फार, आचाऱ्याचा हात पोचत नाही, म्हणून फेकावं लागतं.

"हात पोचत नाही?" सुवर्णानं विचारलं. "बाबा, टेप द्या."

दयारामनी टेप काढला, पण तिला दिला नाही. स्वतःच उठले. एक टोक शिवमला धरायला सांगितलं. मग त्याला सराटा धरून हात लांब करायला लावला, आणि तोही मापला. आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले. सुवर्णानं ते बिलाच्या मागं लिहिले.

तव्याच्या आचाऱ्याकडच्या कडेपासून ताटलीपर्यंत: चौऱ्याऐंशी सेंटीमीटर.

शिवमचा हात, सराट्यासकट: एकशे चार.