पालखी अंगणात थांबली

रत्नागिरीपासून थोडं आत नितेशशेठचा काजू कारखाना आहे. भोंगा सकाळी आठला वाजतो. त्यानंतर बऱ्याच वेळाने दमयंती ओल्या हातांनीच फाटकातून आत शिरे. काजूगराची प्रतवारी करणाऱ्या बायकांवर ती देखरेख करायची. तिच्या नजरेतून डागी गर सुटत नसे.

“काय वहिनी, आज कुणाचं लग्न होतं?” मुकादम महिपत रोज असंच काहीतरी विचारी. बायका हसत. दमयंतीही हसे आणि डोक्यावर टोपी घालून कामाला लागे.

घरी तिचे सासरे होते, आप्पा. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेलेली. नवरा मुंबईत, यंदा शिमग्यालाही त्याला रजा मिळाली नव्हती. आप्पांना उठवणं, आंघोळ घालणं, पेज भरवणं सगळं तिच्यावर. पेज गिळताना त्यांना ठसका लागे, घाई करून चालत नसे. कामावर घरचं रडगाणं कशाला, म्हणून ती कुणाला काही सांगत नव्हती. आपल्यापैकी कितीजणी अशाच गप्प राहतात.

शिमग्याच्या तोंडावर नितेशने तिला बोलावलं.

“वहिनी, आप्पांचं कळलं. देखरेखीचं काम मी दुसऱ्या कुणाला देतो. तुम्ही गरांची सालं काढायला, सोलाईला बसा. डोक्याला ताप नको.”

“मी काही मागितलं नव्हतं, शेठ.”

“अहो, तुमच्या सोयीसाठीच.”

सोय कसली! वर्षानुवर्षं राबून मिळवलेली जागा जाणार होती, आणि उशीर तर तसाच राहणार होता. सोलाईलाही भोंगा आठचाच. नितेश वाईट माणूस नव्हे. त्याने विचारलं नाही, एवढंच.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीत आली त्या दिवशी कारखाना बंद होता. पालखी घरोघर फिरते. कुठल्या घरी किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि कुणी विचारतही नाही. नितेशच्या दारात सकाळपासून रांगोळी घातलेली. दुपार टळली तरी ढोल पलीकडेच अडकलेला. शेवटी तो बघायला निघाला, मागून त्याची म्हातारी आत्या गोदा.

दमयंतीच्या अंगणात पालखी टेकवलेली होती. खांदेकरी फणसाच्या सावलीत बसले होते. पडवीत दमयंती आप्पांना चमच्याने पेज भरवत होती.

“काय रे, अडलंय कशाला?” नितेशने विचारलं.

“आप्पा जेवतायत,” एक खांदेकरी म्हणाला. “जन्मभर पालखी नाचवली त्यांनी. त्यांचा हात लागल्याशिवाय पुढं कशी न्यायची?”

“अजून किती वेळ?”

“ते आता आप्पांचा घसा ठरवील.”

गोदाआत्या पायरीवर टेकली. “नित्या, देव थांबलाय बघ. तुझा भोंगा नाय थांबत?”

“आत्ये, कारखाना असा चालतो होय? आणि मी तिचं काम हलकं केलंय की.”

“तिला विचारलंस?”

नितेशने पडवीकडे पाहिलं.

“माझ्या सासरी काजू अंगणातच फोडायचो आम्ही,” आत्या म्हणाली. “सासू आंधळी झालेली, तिथंच चटईवर बसायची. चीक लागू नये म्हणून राख चोळलेले हात पुसायचे, तिला पाणी द्यायचं, परत कामाला. काम आणि माणूस एकाच अंगणात. तुम्ही मध्ये फाटक घातलंत. घाला बापडे. पण घरातली माणसं म्हातारी व्हायची थांबली काय रे?”

पेज संपली. दमयंतीने आप्पांचं तोंड पुसलं, आणि खांदेकऱ्यांनी पालखी पडवीशी आणली. आप्पांनी डाव्या हाताने दांडा धरला. ढोल वाजला तसे ते वाकड्या ओठांनी हसले. नितेश खाली मान घालून उभा होता.

कारखाना उघडल्यावर त्याने दमयंतीला पुन्हा बोलावलं. “वहिनी, काय केलं तर तुम्हांला जमेल?”

असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

“जागा काढू नका. दिवसा शेजारची माणसं बघतात, सकाळचं माझ्याशिवाय होत नाही. दहाला येते, संध्याकाळी तेवढी जास्त थांबते. आणि फोन सगळ्यांसारखा फाटकावर जमा नको, आप्पांचं काही झालं तर कळावं म्हणून माझ्याजवळ राहू दे.”

“राहू दे. जागाही तुमचीच.”

मग त्याने सगळ्यांना विचारलं, कुणाच्या घरी सांभाळायचं माणूस आहे? कुणी हललं नाही. शेवटी मागून एक हात वर झाला. महिपतचा.

“आई,” तो म्हणाला. “तिला काही आठवत नाही. बाहेरून कडी घालून येतो.”

या वेळी कुणी हसलं नाही. एकेक करत आणखी हात वर झाले. सगळ्यांचं सगळं काही त्या दिवशी सुटलं नाही. पण महिपतची पाळी अशी लावली गेली की बायको कामावर असताना तो घरी असेल, आणि त्या दाराची कडी निघाली.

बंधुभगिनींनो, घरचं आजारपण फाटकाबाहेर ठेवून कुणी कामावर येत नसतं. ज्यांच्या हाती चार माणसांचं काम आहे, त्यांनी सोय करण्याआधी विचारावं आणि विचारल्यावर ऐकावं. ज्यांचं ऐकलं जातं, ती माणसं काम टाकून जात नाहीत.

भोंगा आजही आठलाच वाजतो. दमयंती दहाला येते, आणि तिचे हात कोरडे असतात.