पस्तीस पौंडांचं बिऱ्हाड

आर्विलाने दोघांच्या दात घासायच्या ब्रशांचे दांडे करवतीने मधोमध कापले आणि कापलेले तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले. अर्धा औंस.

"एवढ्यासाठी करवत काढलीस?" थेन दारातून म्हणाला. "आता दात घासायचे कसे, बोटं तोंडात घालून?"

"अर्धा अर्धा करतच पौंड होतो. आणि तुझे खरे दात उरलेत किती? तुझा ब्रश पाव ठेवला असता तरी चाललं असतं."

थेन हसला, पण हसताना त्याचा हात नकळत कमरेकडे गेला, तो तिने पाहिला.

चाळीस वर्षं थेन दर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाच्या, शिकारीला डोंगरात जात आला होता, आणि ओझ्याचा विचार त्याला कधी शिवला नव्हता. ओझं वाहायला ज्यूनिपर होती, त्यांचं खेचर. बिडाचा तवा, जाड कापडाचा तंबू, बटाट्यांचं पोतं, सगळं तिच्या पाठीवर. गेल्या हिवाळ्यात थेनच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली आणि वसंतात ज्यूनिपर गेली. आणि नेमका याच वर्षी, अकरा वर्षं अर्ज करून झाल्यावर, एल्डर खिंडीचा परवाना सोडतीत त्याच्या नावावर निघाला. दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात, तशातली गत.

त्यांची मुलगी मार्लिस नर्स होती. तिने बापाला समोर बसवून सांगितलं होतं, "डॅडी, पाठीवर पस्तीस पौंड, बंदुकीसकट. वर एक औंस नाही. दुखण्याची गोळी भरल्या पोटीच घ्यायची. आणि एकट्यानं जायचं नाही. यातलं एक जरी मोडलं, तर ट्रकची किल्ली माझ्याकडे."

दर वर्षी सोबत येणारा थेनचा भाऊ आता चालू शकत नव्हता. थेन खिडकीबाहेर, ज्यूनिपरच्या रिकाम्या कुंपणाकडे पाहू लागला. तेव्हा आर्विला म्हणाली, "मी जाते ना सोबत."

चाळीस वर्षं तिने त्याचा शिधा बांधून दिला होता. डोंगर तिने खालूनच पाहिलेला.

म्हणून गेले तीन आठवडे स्वयंपाकघरात काटा राज्य करत होता. जाड तंबूच्या जागी पातळ ताडपत्री आली, तिला टेकू म्हणून चालायच्या दोन काठ्या. तवा भिंतीवरच राहिला. त्याऐवजी पत्र्याचं एक भांडं, त्यातच उकळायचं, त्यातच खायचं. मांस बांधून आणायच्या पिशव्या तिने जुन्या पडद्यांच्या झिरझिरीत कापडाच्या शिवल्या. चारही पिशव्यांचं मिळून वजन एका गोणपाटाएवढंही भरेना. स्वेटर प्रत्येकी एक. मोजे मात्र तीन जोड, त्यावर तिने ऐकून घेतलं नाही.

खाण्याचं गणित आणखी बारीक. पाणी डोंगरात आहेच, ते पाठीवरून न्यायचं कशाला? तिने घेवड्याचा रस्सा शिजवून, पसरून वाळवला, पार कुरकुरीत होईपर्यंत. सफरचंदाच्या चकत्या, वाळवलेलं मांस, बटाट्याचा भुगा, ओटमध्ये आधीच मिसळलेली दूधपावडर आणि साखर. लोण्याची वडी मात्र तिने अख्खी घेतली.

"हे जड नाही का?" थेनने विचारलं.

"जड आहे. पण रात्री पाय गारठले की लोणीच उबेला येतं. वजन बघावं तसं गुणही बघावेत. मी काय हलकी आहे म्हणून तू माझ्याशी लग्न केलंस?"

"त्या वेळी काटा नव्हता गं घरात."

शिधा सगळा थेनच्या पाठीवर जायचा, हे तिनेच ठरवलं. ताडपत्री शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते. अन्न रोज कमी होतं. थकत जाणाऱ्या पाठीवर घटत जाणारं ओझं द्यावं.

न्याहारीच्या पुड्या एका रंगाच्या दोऱ्याने बांधलेल्या, दुपारच्या दुसऱ्या, रात्रीच्या तिसऱ्या. पुड्या बांधताना तिला रविवार आठवला. महिन्यातून एका रविवारी त्यांच्या पंथात उपास असे, दोन जेवणांचा. एरवी तो पहिल्या रविवारी. पण ऑक्टोबरात त्या दिवशी चर्चचं संमेलन, म्हणून उपास दुसऱ्या रविवारी सरकलेला, आणि तो रविवार डोंगरातच यायचा होता. तिने रविवारची न्याहारी आणि दुपारचं जेवण वेगळं काढलं. उपासाच्या दिवशी वाचलेलं अन्न आपलं नसतं, असं ती मानत आली होती. शुक्रवारी सकाळी ती दोन पुडकी घेऊन ती समोरच्या म्हाताऱ्या आयडाबाईंकडे देऊन आली. यात थेनला सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. दर महिन्याचाच तो नेम.

ती परत आली तेव्हा गोठ्यातल्या आकड्याच्या काट्याला थेनची पिशवी लटकली होती आणि मार्लिस वाकून आकडा वाचत होती.

"पस्तीस. बरोब्बर पस्तीस! डॅडी, काय जादू केलीत? मघाशी तर दीड पौंड जास्त होतं."

"आहे आपली एक युक्ती," थेन म्हणाला, आणि आर्विलाकडे बघून त्याने डोळा मारला. तिला वाटलं, मोजे काढले असणार.

पायवाट सुरू होते तिथे आणखी एक ट्रक उभा होता. पन्नाशीचा एक आडदांड माणूस स्वतःच्या पिशवीशी झटत होता. लॉइड पेट्राक, पेनसिल्व्हेनियाहून आलेला, एकटाच. पिशवीच्या बाहेर बिडाचा तवा लोंबत होता आणि वर घडीची खुर्ची बांधलेली.

"खुर्चीसुद्धा?" थेन म्हणाला. "टेबल विसरलात वाटतं."

"घरची म्हणाली, तू उपाशी मरशील," लॉइड धापा टाकत हसला. "अर्धी तर सॉसेजच आहेत यात."

चढाला लागल्यावर थेन बराच वेळ खुशीत होता. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ऐकलं होतं. हा तर अख्खं हॉटेल घेऊन निघालाय."

शनिवारी त्यांना एल्कच्या नुसत्या खुणा दिसल्या. रविवारी ते शिकार करत नसत. झऱ्याकाठी बसून त्यांनी प्रार्थना केली, थेनने थोडं वाचून दाखवलं, आणि दुपारी वाऱ्याबरोबर वरच्या अंगाने तळलेल्या सॉसेजचा वास आला. दोघंही काही बोलली नाहीत. थेनचं पोट मात्र बोललं.

संध्याकाळी उपास सोडायचा म्हणून आर्विलाने शिध्याची पिशवी उघडली. उद्याचं, परवाचं, बुधवारी उतरायच्या दिवसाचं, असं तिने मांडून पाहिलं. मग पुन्हा मांडलं.

"थेन, एक न्याहारी कमी आहे. दुपारचंही एक."

"छे. मी फक्त रविवारचं काढलं."

"काय काढलंस?"

थेनने टोपी मागे सारली. "अगं, या महिन्यात उपास पुढे सरकलाय हे तुझ्या लक्षात नसणार असं मला वाटलं. म्हटलं, म्हातारीनं सवयीनं सगळं भरलं असेल. गोठ्यात वजन जास्त भरलं, म्हणून एक न्याहारी आणि एक दुपारचं ट्रकमध्ये ठेवून दिलं."

"रविवारचं मी आधीच आयडाबाईंना दिलं होतं."

एकादशी अन् दुप्पट खाशी, असं लोक म्हणतात. इथे उलटंच, एकादशी अन् दुप्पट उपाशी! आधी आर्विलाला हसू फुटलं, मग त्यालाही. हसणं थांबल्यावर थेन विस्तवाकडे बघून हळूच म्हणाला, "मग मंगळवारी सकाळीच उतरायला हवं."

तिला ते कळत होतं. बुधवारी उपाशी पोटी सहा मैल उतरायचं, तर गोळी घेता येणार नाही, आणि गोळीशिवाय ती पाठ सहा मैल निभावणार नाही. मंगळवारच्या रात्रीचं राखून ठेवावं, तर रात्रीची गोळी चुकणार. दोघांनी मार्लिसला शब्द दिलेला. मंगळवार मोसमाचा शेवटचा दिवस होता. म्हणजे हातात उरला फक्त सोमवार.

"मी तुला विचारायला हवं होतं," थेन म्हणाला.

"मीही सांगायला हवं होतं."

सोमवारी सकाळी दरीच्या पलीकडच्या कड्यावर एक मोठा नर उभा होता, शिंगांवर उन्हं घेऊन. थेनने बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं आणि खाली ठेवली. त्या कड्यावर घोडा चढत नाही. शेजारचा डेलमार दोन घोडे घेऊन मांस न्यायला यायला तयार होता. पण घोडा पोचेल तिथूनच. "जे उतरवून नेता येत नाही ते पाडू नये," थेन म्हणाला. त्या दिवशी आर्विलाला तो लग्नाच्या वेळचा वाटला.

संध्याकाळी ते आवराआवर करत होते तेव्हा लॉइड आला, लंगडत. "काय मंडळी. खुर्ची मोडली." तो खालीच बसला. "उद्या शेवटचा दिवस ना? तुम्ही आत्ताच काय आवरताय?"

"उद्या सकाळी उतरतोय," थेन म्हणाला.

"का?"

थेन दोरी गुंडाळत राहिला. आर्विलाने सांगून टाकलं, उपासासकट सगळं. लॉइड आधी हसला, मग गंभीर झाला. "थांबा जरा. माझ्याकडे सहा जणांचं आहे. सॉसेज, ब्रेड, चीज. हे सगळं मला परत खाली न्यायचंय, माझे गुडघे शिव्या देतायत. तुम्ही घेतलंत तर माझ्यावरच उपकार. कॉफी पण आहे."

"कॉफी आमच्या पंथात घेत नाहीत," थेन म्हणाला. "आणि बाकीचंही राहू द्या. आमचं भागतंय."

"भागत नाही," आर्विला म्हणाली. ती हळूच बोलली, पण थेन थांबला. "आम्ही घेऊ, भाऊ. देवाचे आभार, आणि तुमचेही."

लॉइड आणायला गेल्यावर थेन पुटपुटला, "परक्याकडून अन्न घ्यायचं?"

"चाळीस वर्षं आपण दर महिन्याला देतोय. आयडाबाईंना हात पुढे करताना कसं वाटत असेल, कधी विचार केलास? मी तरी नव्हता केला." तिने पदरासारखी ताडपत्री खांद्यावर ओढून घेतली. "आज आपली पाळी. सोपी नाही, मला माहीत आहे."

थेनने काडीने निखारे ढवळले. मग म्हणाला, "त्याला खुर्चीवरून बोललो मी."

"उद्या माफी माग. सॉसेज खाऊन झाल्यावर."

मंगळवारी पहाटे त्यांनी त्या बिडाच्या तव्यात सॉसेज तळून खाल्ली. थेनने गोळी घेतली. लॉइडने त्यांच्यासाठी पाण्यात कोको कालवला, कुठून काढला देव जाणे. उजाडता उजाडता खिंडीच्या खालच्या माळावर, घोडा सहज येईल अशा जागी, देवदारांतून एक नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. थेनने एकच गोळी झाडली.

तो पडला तिथे जाऊन दोघं गुडघ्यांवर बसली. थेनने टोपी काढली. आर्विलाने त्या प्राण्याच्या उबदार मानेवर हात ठेवला आणि मनातल्या मनात त्याचे आणि ज्याने त्याला घडवलं त्याचे आभार मानले. मार्लिसने दिलेल्या छोट्या उपग्रह-यंत्रावरून तिने डेलमारला निरोप धाडला. मग लॉइडही मदतीला आला आणि तिघं मिळून दुपारपर्यंत मांस सोडवत राहिली. पडद्यांच्या पिशव्या सावलीत फांदीला टांगल्या. त्यांतून वारा छान खेळत होता.

पाठीच्या कण्यालगतची मऊ पट्टी तिने वेगळी कापली, स्वच्छ कापडात गुंडाळली आणि लॉइडपुढे धरली.

"अहो बाई, काय हे! इतकं?" तो मागे सरकला. "माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करा. किती पौंड आहे हे?"

"माहीत नाही," आर्विला म्हणाली. "काटा घरी आहे."

"घ्या हो," थेन म्हणाला, आणि लॉइडच्या पिशवीला बांधलेली मोडकी खुर्ची सोडवून त्याने स्वतःच्या पिशवीवर बांधायला घेतली. "ही मी नेतो. माझी पिशवी आता रिकामीच आहे."

"थेन," आर्विला म्हणाली, "पस्तीसच्या आत आहे ना?"

"काटा घरी आहे, तर आता काटा तूच," तो गाठ आवळत म्हणाला. "उचलून बघ."

तिने वाकून खरंच उचलून पाहिली.